टाइमआउटला सांगते

आर्डिस व्हँडरवील घाबरली की तिच्या मानेवर लाल चट्टे उठतात. पहिला डाव्या कानाखाली, मग गळ्याभोवती, मग थेट हनुवटीपर्यंत. तिचा नवरा डेल म्हणतो, "हिला खोटं बोलायची सोयच नाही. मान चुगली करते." म्हणून ती बंद गळ्याचे स्वेटर घालते. जुलैच्या उकाड्यात चर्चच्या जेवणालासुद्धा.

एप्रिलच्या त्या मंगळवारी मात्र तिने उघड्या गळ्याचा निळा ब्लाउज घातला होता. घाबरण्यासारखं काही नव्हतंच. आमच्या पेल्टन गावच्या लॅथ्रॉप कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाला नवी कोच मिळाली होती, आणि तिने आम्हा दोघींना नुसतं कॉफीला बोलावलं होतं.

आम्हा दोघींना म्हणजे आकडेवाल्यांना. घरच्या प्रत्येक सामन्यात मैदानाच्या कडेला एक लांब टेबल असतं. त्याच्या मधल्या खुर्चीत आर्डिस, तिच्या डावीकडे लॅपटॉप घेऊन मी. ती बघते आणि जर्सीवरच्या नंबरांनी बोलते, मी न बघता टाइप करते. "चोवीस, चुकला. अकरा, रिबाउंड. तीन, पास. चोवीस, दोन गुण." गुरांच्या लिलावात बोली पुकारतात ना, अगदी त्या चालीत. डेल आम्हाला 'एक बोलते, एक बडवते' म्हणतो. मी बडवायला लागले त्याला सहा हिवाळे झाले. आर्डिसचे सत्तावीस.

पहिल्याच सामन्यात मी तिला विचारलं होतं, "आणि बदल्या?"

शिट्टी वाजते, भोंगा होतो, एक मुलगी बाहेर येते, एक आत जाते. आत जाणारी त्याआधी आमच्या टेबलासमोर, अगदी आर्डिसच्या नाकासमोर, उकिडवी बसून भोंग्याची वाट बघते. आर्डिस तिच्या डोक्यावरून पलीकडे चेंडू बघत होती.

"टाइमआउटला सांगते," ती म्हणाली.

"पण मशीन आत्ता विचारतंय."

"विचारू दे. आधी चेंडू. कोण बाकावरून उठलं नि कोण बसलं, हे आजवर पेल्टनमध्ये कोणी विचारलेलं नाही."

खरंच नव्हतं विचारलं. गावच्या पेपरात गुण छापून यायचे, हुकलेले चेंडू पकडल्याचे रिबाउंड यायचे, फार तर पास. मग टाइमआउटची मिनिटभराची विश्रांती संपून मुली परत मैदानात आल्या की आर्डिस पेन्सिलने त्या पाचजणी मोजायची, माझ्या पडद्यावरचे पाच नंबर बघायची. जुळले की "ठीक". नाही जुळले की तेवढे बदलायचे. मधे कोणी आत येऊन परत बाहेर गेली असेल, तर पाचाला पाच जुळायचेच. ठीक. कधी कधी मशीन पिवळी पट्टी दाखवायचं, 'हा खेळाडू मैदानात नाही', आणि मी 'पुढे चला'वर बोट दाबायचे. सहा वर्षं दाबलं.

नव्या कोचचं नाव टेस हाल्व्हरसन. मिनेसोटाहून आलेली, पस्तिशीच्या आतबाहेरची. ऑफिसात खोकी अजून उघडली नव्हती, पण लॅपटॉपवर आमचे तीन हंगाम उघडे होते.

"तुम्ही माझं काम सोपं करून ठेवलंय, आर्डिस," ती म्हणाली. "सत्तावीस वर्षं! आमच्याकडे दर वर्षी नवीन पोरगा यायचा. अर्धा वेळ फोनमध्ये."

"सवयीचं काम हो," आर्डिस म्हणाली. मान गोरीपान होती.

"एकही मुलगी मी अजून खेळताना पाहिलेली नाही. शिष्यवृत्त्या ठरेपर्यंत पाहणारही नाही. डोळे लबाड असतात, त्यांना उड्या मारणाऱ्या मुली आवडतात. आकड्यांना कोणी आवडत नाही." तिने लॅपटॉप आमच्याकडे वळवला. "मी फक्त अधिक-उणं बघते. मुलगी मैदानात असताना आपण दहा गुण केले, समोरच्यांनी सहा, तर ती अधिक चार. तिने स्वतः काही केलं की नाही, मला देणंघेणं नाही. ती असताना काय होतं, तेवढंच. आता ही बघा, बत्तीस नंबर. मॅरेन क्लाइन. हिने मला दोन दिवस छळलं."

"मॅरेनने?"

"बाहेरगावी सामन्याला बारा मिनिटं खेळते, आणि संघ दर वेळी थोडा तरी पुढे सरकतो. घरी? चार मिनिटं! आणि त्या चारांत सगळं बुडतं. पूर्ण हंगामात घरचे चौदा सामने, उणे सत्तेचाळीस. तीच मुलगी, तेच पाय. मग काल दात घासताना डोक्यात आलं." कोच टेबलावर रेलली. "ही घाबरते. आईबाप, शेजारी, चर्चमधली मंडळी समोर बसली की काहींचे गुडघे वितळतात. जुन्या कोचला ते कळलं असणार, म्हणून घरी तिला बाकावरच ठेवायचे. पण निम्मे सामने घरी असतात. आपल्याच माणसांसमोर थरथरणाऱ्या मुलीवर मी शिष्यवृत्ती ठेवू शकत नाही."

मी आर्डिसकडे बघितलं नाही. बघायची गरज नव्हती. डाव्या कानाखालचा पहिला चट्टा माझ्याच बाजूला होता.

"ठरलंय?" आर्डिसने विचारलं.

"जवळजवळ. पुढच्या शुक्रवारी दुपारी पत्रं जातील. तुम्हाला कशी वाटते ती?"

"मला?" आर्डिसने कप दोन्ही हातांनी धरला. "मी... मी चेंडू बघते हो."

बाहेर गाडीत बसल्यावर तिने किल्ली लावली, फिरवली नाही.

"ऐकलंस?"

"ऐकलं."

"घाबरते म्हणे. ती! दात विसरलीस?"

दात कोण विसरेल? जानेवारीत सेंट्रल सिटीच्या मुली आल्या होत्या, त्यातली एक उभ्या फ्रीजएवढी. ती धावत आली आणि मॅरेन तिच्या वाटेत तशीच उभी राहिली. आपटली. उठली. जिभेने काहीतरी चाचपलं, तोंडातून दाताचा तुकडा काढला आणि आमच्या टेबलाशी आली. "मिसेस व्ही, जरा सांभाळा हं." आर्डिसच्या पेन्सिलीच्या डब्यात तो टाकून ही गेली परत. रक्ताचा थेंब नाही, नाहीतर पंचांनी बाहेर काढलं असतं.

"तो सामना काढ," आर्डिस म्हणाली. "आत्ता. इथे."

मी मांडीवर लॅपटॉप उघडला. तिसरा भाग. मशीनच्या म्हणण्याप्रमाणे त्या पूर्ण दहा मिनिटांत मॅरेन क्लाइन बाकावर बसली होती. तिच्या जागी पाच नंबरची सिडनी ब्लूम खेळत होती.

"दात माझ्या डब्यात," आर्डिस हळूच म्हणाली, "आणि पोरगी बाकावर."

आता सगळं दिसत होतं. जुना कोच गॉर्डी मॅरेनला पाठवायचा ते समोरच्यांचे गुण भराभर वाढायला लागले की. सिडनी बाहेर, मॅरेन आत. ती आली की गळती थांबायची. मग गॉर्डी सिडनीला परत पाठवायचा आणि त्यानंतर कधीतरी टाइमआउट. आम्ही पाच मोजायचो, सिडनी होतीच, ठीक. मॅरेनची चांगली मिनिटं सिडनीच्या नावावर. मॅरेन आमच्या मशीनला सापडायची ती फक्त सामना हातचा गेल्यावर, जेव्हा गॉर्डी तिला शेवटपर्यंत राहू द्यायचा. तेवढीच ती चार मिनिटं. बाहेरगावी टेबलावर दुसरी माणसं असायची. ती बदल्या बदलीच्या वेळीच टाकायची.

"उद्या सांगू या कोचला," मी म्हटलं.

"हो," आर्डिस म्हणाली. "उद्या."

बुधवारी तिने सांगितलं नाही. गुरुवारी तिला पोटात दुखत होतं. शुक्रवारी मी तिच्या शाळेत गेले.

ती गावच्या प्राथमिक शाळेत ऑफिस सांभाळते. पेल्टनमध्ये तिचा दरारा आहे तो त्यासाठी. आठ चाळीसपर्यंत मूल वर्गात दिसलं नाही तर आठ एक्केचाळीसला तिचा फोन घरी वाजतो. मी गेले तेव्हा ती कुणालातरी विचारत होती, "ताप किती आहे? आणि कुत्र्याला का म्हणून ताप? नाही, कुत्रा आजारी असला तरी ओवेनने शाळेत यायचं." फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. बाहेर सूर्य चांगला तापला होता, बर्फाचे शेवटचे ढीग वितळत होते, आणि तिचा स्वेटर हनुवटीपर्यंत.

"तीस वर्षं," ती म्हणाली, "इथे एक पोर माझ्या नजरेतून सुटलेलं नाही. आणि तिथे..."

"कोचला सांगितलंस?"

"गॉर्डीला फोन केला." गॉर्डी निवृत्त होऊन अॅरिझोनात राहायला गेला होता. "म्हटलं, मॅरेन घरच्या सामन्यात किती खेळायची? तर म्हणे, 'अगं, आग लागली की मी तिलाच पाठवायचो. तू तर समोरच होतीस.' "

"मग?"

"म्हटलं, हो, होते." ती स्टेपलर उघडून बंद करत राहिली. "तुला कळत नाही. नुसती मॅरेन नाहीये. सत्तावीस वर्षं मी टाइमआउटला सांगतेय. किती जणींना गायब केलं असेल? हे बाहेर आलं तर माझ्या कुठल्या आकड्यावर कोण विश्वास ठेवेल? सगळं गाव येतं जिममध्ये. पोस्टातला तो रॉजर, तो तर आधीच म्हणतो आर्डिसला चष्मा बदलायला सांगा."

"तू नाही सांगितलंस तर मी सांगेन."

"नको!" एवढ्या जोरात की आतून मुख्याध्यापकांनी मान बाहेर काढली. ती हसली, त्यांना हात केला, आणि ते गेल्यावर पुटपुटली, "दोन दिवस दे. मला धड गिळता येत नाहीये गं."

खोटं नव्हतं ते. रविवारी चर्चनंतर मी त्यांच्याकडे जेवायला होते. चिली, म्हणजे राजमा-खिम्याचं तिखट कालवण, आणि सोबत दालचिनी रोल. डेलने तीन खाल्ले. आर्डिस एकाच रोलचं वेटोळं उलगडत बसली होती.

"मग सांगून टाक ना," डेल म्हणाला. "ती काय तुला खाणार आहे?"

"खुर्ची काढून घेईल."

"खुर्ची! घडीची आहे ती, आर्डिस. पत्र्याची. मी तुला तळघरातून तसल्या चार आणून देतो."

"डेल."

"बरं, बरं."

"ती एकच जागा आहे जिममध्ये जिथे मी..." तिने रोल खाली ठेवला. डेलने माझ्याकडे बघून खांदे उडवले, पण तिच्या पाठीवर हात ठेवला.

ती शाळेत असताना आयोवातल्या मुली वेगळा बास्केटबॉल खेळायच्या. सहा-सहा जणींचा. तीन मुली एका अर्ध्यात, त्यांनी गुण करायचे. तीन दुसऱ्या अर्ध्यात, त्यांनी फक्त अडवायचं. मधली रेघ कोणी ओलांडायची नाही. आर्डिस तीन वर्षं अडवणाऱ्यांत होती. चेंडू हिसकावायची, रेघेपर्यंत न्यायची, रेघेपलीकडच्या मुलीला द्यायची आणि उभी राहायची. तीन वर्षांत एकदाही तिने बास्केटकडे चेंडू फेकला नाही, फेकण्याची मुभाच नव्हती. गुण शून्य. राज्याच्या स्पर्धेत पंधरा हजार माणसांसमोर खेळली, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात गुण करणाऱ्या तिघींची नावं. तिच्या आईने ते कात्रण ठेवलंय. त्यात तळाला बारीक अक्षरांत 'संघातील इतर' अशी ओळ आहे, तिच्याखाली आईने शाईने रेघ ओढलीय. तिथे आर्डिसचं माहेरचं नाव आहे, एक अक्षर चुकवून.

हे मला तिने त्या रविवारी भांडी पुसताना सांगितलं. सांगून झाल्यावर डोळे पुसले नाहीत, टॉवेल आपटला.

"आणि मी काय केलं बघ. मी!"

सोमवारी ती किराण्याच्या दुकानात गेली होती. तिथे काउंटरवर मॅरेन क्लाइन कामाला असते, हे तिला ठाऊक होतं. दुसऱ्या काउंटरची रांग लांब होती, तरी ती त्याच रांगेत उभी राहिली. पण मॅरेनने आपला काउंटर मोकळा असल्याचा दिवा लावला आणि हाक मारली, "मिसेस व्ही! या इकडे, मी मोकळी आहे."

आर्डिसने अंडी, दूध, लोणी पट्ट्यावर ठेवलं.

"माझा दात आहे ना अजून डब्यात?"

"आहे. म्हणजे... असेल."

"फेकू नका हं. आई म्हणते नवा बसलाय, आता जुना पुरून पार्टी करू." मॅरेन हसली, समोरचा अर्धा दात नवाकोरा पांढरा. "नव्या कोचने मला शुक्रवारी तीनला बोलावलंय. आई म्हणते कुकीज घेऊन जा. मी म्हटलं आई, लाच वाटेल. काय करू?"

"कुकीज..." आर्डिस म्हणाली. "कुठल्या?"

"ओटच्या."

"ओटच्या चांगल्या असतात," आर्डिस म्हणाली, पैसे दिले आणि निघाली. गाडीपाशी पोहोचली तेव्हा मागून धावती पावलं. मॅरेन, हातात अंड्यांचा खोका.

"विसरलात! बरं वाटत नाहीये का? मिसेस व्ही, तुमची मान..."

हे सगळं मला आर्डिसने अर्ध्या तासाने मी काम करते त्या लायब्ररीच्या दारात सांगितलं. अंड्यांचा खोका अजून तिच्या हातातच होता.

"चित्रफिती आहेत ना तुझ्याकडे?" ती म्हणाली. "सगळ्या चौदा?"

आमच्या लायब्ररीच्या तळमजल्यात सगळ्या घरच्या सामन्यांच्या चित्रफिती असतात. कुणातरी खेळाडूचे वडील वर कोपऱ्यात कॅमेरा लावतात, पाच मुली आणि घड्याळ दोन्ही दिसतं. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार. शाळा सुटली की ती यायची, आणि लायब्ररी बंद होईपर्यंत आम्ही पळवत पळवत बघायचो. भोंगा आला की थांब. "पाच बाहेर, बत्तीस आत. सात मिनिटं चार सेकंद." चेंडू कुठे आहे, कोणी गुण केला, काहीच बघायचं नाही. ती म्हणाली, "मी हे सामने कधी पाहिलेच नव्हते."

पण भीती कमी झाली नाही. रूप बदललं फक्त. मंगळवारी मधेच तिने माझा हात धरला.

"आणि समजा, खरंच वाईट निघाली तर? खरंच उणे सत्तेचाळीस?"

"तर तसं."

"मला मधे सांगू नकोस. बेरीज झाकून ठेव. शेवटी एकदम."

मी पडद्याच्या खालच्या भागावर पुस्तकात खुणेला ठेवायची पट्टी चिकटवली. गुरुवारी संध्याकाळी सातला चौदावा सामना संपला. आर्डिसने खुर्ची मागे सरकवली, भिंतीला टेकली, डोळे मिटले. "काढ."

मी काढलं. "एकशे एकाहत्तर मिनिटं. अधिक एकोणीस."

मला वाटलं ती उडी मारेल. ती हळूहळू खाली वाकली आणि कपाळ टेबलावर टेकवलं.

"काय झालं? चांगलंय ना!"

"वाईट निघाली असती," ती टेबलातच म्हणाली, "तर जावं लागलं नसतं."

शुक्रवारी सकाळी पावणेआठला आम्ही कोचच्या दारात. आर्डिसने उघड्या गळ्याचा निळा ब्लाउज घातला होता. मी बघतच राहिले. "दिसू दे," ती म्हणाली. मान आधीच बीटासारखी झाली होती.

कोच हाल्व्हरसन उभी राहूनच दही खात होती. "अरे वा, या. कॉफी?"

"नको. मला आधी सांगू द्या, नाहीतर मी परत जाईन." आर्डिसने खुर्चीची पाठ धरली. "मॅरेन क्लाइन घाबरत नाही. मी चुकले. मी बदल्या वेळेवर टाकत नाही. टाइमआउटला टाकते. आत येऊन बाहेर गेलेली मुलगी माझ्याकडे लिहिलीच जात नाही. तिची मिनिटं सिडनीच्या नावावर गेली. आम्ही चौदा सामने पुन्हा केले आहेत. हे घ्या." कागद टेबलावर. मग पर्समधून पेन्सिलीचा डबा काढला, उघडला, दाताचा तुकडा कागदावर ठेवला.

"हे काय आहे?"

"तिचा दात. सेंट्रल सिटीच्या सामन्यातला, तिसरा भाग, सहा मिनिटं उरलेली. तुमच्याकडे ती तेव्हा बाकावर आहे."

कोचने चमचा खाली ठेवला. कागद उचलले. पहिलं पान, दुसरं, परत पहिलं.

"म्हणजे तीन वर्षांचं घरचं प्रत्येक अधिक-उणं चुकीचं आहे. फक्त हिचं नाही. सगळ्यांचं."

"हो."

"आणि तुम्हाला हे त्या मंगळवारी इथे बसल्या बसल्या कळलं होतं."

"हो."

"दहा दिवस झाले, आर्डिस!"

"घाबरले होते."

"तुमच्याच भरवशावर मी आज दुपारी तिला..." कोच थांबली. "तुम्ही नसतं सांगितलं तर मला कधीच कळलं नसतं."

"ठाऊक आहे," आर्डिस म्हणाली. "म्हणून तर जास्त घाबरले."

मी मधे पडले. "पिवळी पट्टी मी दाबत होते. दोघींची चूक आहे."

"तुझ्याकडे नंतर येते," कोच माझ्याकडे न बघता म्हणाली. मग खाली बसली. "अधिक एकोणीस. हिरा वगैरे नाही हं ही. बरी आहे. पण शिष्यवृत्ती जाणाऱ्या शेवटच्या दोघींत नाही बसत."

"मग शेवटच्या दोघींत कोण?" आर्डिसने विचारलं. आम्हा दोघींनाही उत्तर माहीत होतं. मॅरेनची मिनिटं काढून घेतल्यावर सिडनीचं काय उरलं ते त्याच कागदावर, खालून दुसऱ्या ओळीत होतं.

"ते माझं काम. त्याची भीती आता मला वाटू दे," कोच म्हणाली. "पत्रं आज जाणार नाहीत. आधी सगळ्या चित्रफिती मी स्वतः बघणार. आणि आर्डिस, पुढच्या हंगामात तुम्ही मधल्या खुर्चीत नसाल. हे तुम्हाला कळत असेल."

"कळतं."

"बरं."

"आठ चाळीसला मला शाळेत फोन करायचे असतात," आर्डिस म्हणाली. दात उचलून डब्यात ठेवला.

मॅरेनची शिष्यवृत्ती राहिली. सिडनी ब्लूमची गेली. मे महिन्यात ती दुसऱ्या कॉलेजात निघून गेली, आणि तिची आई अजूनही चर्चमध्ये आर्डिस दिसली की पलीकडच्या बाकावर जाऊन बसते. गावात कळायचं ते कळलंच. पोस्टातला रॉजर म्हणाला, "आर्डिस, माझी नोकरीची वर्षं मोज ना जरा, तुझ्या पद्धतीने मोजलीस तर निवृत्तीला अजून वेळ असेल." ती हसली. त्या दिवसापासून टपालाची तिकिटं शेजारच्या गावातून आणते.

ऑगस्टमध्ये कोचचा तिला फोन आला. फोन वाजला तेव्हा ती जॅम भरत होती, आणि नाव बघून तिने बरणी सोडली. कोच एवढंच म्हणाली की टेबलावर तिसरी खुर्ची टाकतेय. एका माणसाने फक्त बदल्या बघायच्या. चेंडू नाही, गुण नाही, काही नाही. कोण आत, कोण बाहेर, किती वाजता. "सगळ्यात कंटाळवाणं काम आहे," कोच म्हणाली. "आणि आता तुमच्याइतकं घाबरून ते कोणीच करणार नाही."

नोव्हेंबरचा पहिला सामना. मधल्या खुर्चीत गणिताच्या वर्गातली एक मुलगी, खणखणीत आवाजाची. मी माझ्या जागी. माझ्या डाव्या हाताला, टेबलाच्या टोकाला, पत्र्याच्या खुर्चीवर आर्डिस. बंद गळ्याचा स्वेटर. समोर तीन टोक काढलेल्या पेन्सिली आणि तिचा डबा. पहिली दोन मिनिटं तिचं पाऊल खुर्चीच्या पायावर टकटक आपटत होतं, मला ऐकू येत होतं.

"चेंडू कुणाकडे आहे?" ती नकळत मान उंचावून म्हणाली आणि स्वतःच चपापली. "नको, नको, सांगू नकोस."

पहिल्या भागात समोरच्यांनी सलग नऊ गुण केले. आमच्या बाकावर हालचाल झाली. कोणीतरी धावत येऊन टेबलासमोर उकिडवं बसलं, अगदी आर्डिसच्या नाकासमोर.

"बत्तीस, मिसेस व्ही."

"दिसतेयस," आर्डिस म्हणाली.

"दात?"

"डब्यात. समोर बघ."

मॅरेनने समोर बघितलं. आर्डिसने मात्र तिच्यावरून नजर हलवली नाही. तिने पेन्सिल कागदापासून बोटभर वर धरली होती. शिट्टी झाली. भोंगा झाला.

"चौदा बाहेर, बत्तीस आत. पाच मिनिटं अकरा सेकंद. टाकलंस?"

"टाकलं."

"पडद्यावर दिसतंय? बत्तीस?"

"दिसतंय, आर्डिस."

"परत बघ."

मी परत बघितलं. बत्तीस तिथे होती. तेवढ्यात पूर्ण जिम एकदम उठून ओरडलं, पाय आपटले, कुणाचे तरी पॉपकॉर्न आमच्या टेबलावर सांडले. आर्डिसची नजर कागदावर होती. काय झालं ते तिने मला टाइमआउटला विचारलं.